कट्ट्यावरचं माईकवर

आमच्या पेठेत संध्याकाळी घराबाहेर जाऊन दूध प्यायची रीत होती. चौकात, तालमीच्या भिंतीला लागून, गवळी आपल्या म्हशी आणून बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा. या जागेला दूधकट्टा म्हणत. तालमीतून घामेजलेले पैलवान यायचे, दुकानं बंद करून व्यापारी यायचे, आणि माझे बाबा आणि शेजारचे आप्पा यायचे. हे दोघं दूध प्यायला येतात असं नुसतं म्हणायचं. खरं तर ते भांडायला यायचे.

भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच होता, देव आहे की नाही.

बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. ज्या कोनाड्यात इतरांचे देव असतात, तिथं आमच्याकडे बाबांचं दाढीचं सामान आणि आईची खोबरेलाची बाटली असायची. आप्पांचं पेंड-भुशाचं दुकान होतं. कट्ट्यावरच्या म्हशी त्यांच्याच दुकानची सरकी खायच्या, त्यामुळे तिथं त्यांचा शब्द जरा चढाच असे. ते लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. देवळात मात्र ते कधी जायचे नाहीत. "आमचा देव आमच्या गळ्यात हाय. त्येला भेटाय रांगंत कशापायी हुबं ऱ्हायचं?" असं ते म्हणायचे, आणि या एका मुद्द्यावर बाबा खूश होऊन मान डोलवायचे. बाकी सगळ्यावर दोघांचं वाजायचं.

या वादाला एक नियम होता. तो आप्पांनी घातलेला. सुरुवातीला बाबा जिंकायची वेळ आली की कुठल्या तरी परदेशी शास्त्रज्ञाचं नाव घ्यायचे. एकदा आप्पांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, त्या गोऱ्या सायबाला हितं घिऊन या, मी त्येच्यासंगं बोलतो. तुमी तुमच्या घरातलं सांगा. पुस्तकातलं नगं."

बाबांनी ते मान्य केलं. तेव्हापासून कट्ट्यावर पुस्तक बंद आणि घर उघडं. आप्पांच्या शेतातल्या विहिरीला पाणी लागलं ते कुणामुळे, आणि त्याआधीच्या दोन कोरड्या गेल्या त्या कुणामुळे. आप्पांच्या मेव्हण्याचं लग्न मोडलं ते ग्रहांमुळे की मेव्हण्यामुळे. मी स्कॉलरशिपला पास झाले ते अभ्यास केला म्हणून, की परीक्षेच्या सकाळी अव्वानं कपाळाला विभूती लावली म्हणून. "आणि विभूती न लावलेली माझ्या वर्गातली चार पोरं पास झाली, ती कशानं?" असं बाबा विचारायचे. "त्यांच्या आयांनी कायतरी लावलंच आसंल की! तुमाला दिसलं न्हाय." पैलवान हसायचे, गवळी धार काढता काढता थांबायचा. माझा गोवर, माझं नापास झालेलं गणित, माझ्या कानात गेलेला किडा, सगळं त्या चौकात चघळलं गेलं. मला संताप यायचा. पण घरी येताना दोघं खांद्याला खांदा लावून यायचे, आणि मला कळायचं की यांचं काही बिनसलेलं नाही.

अव्वा म्हणजे आप्पांची बायको. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. सगळे तिला अव्वा म्हणायचे, म्हणून मीही. आमच्या दोन घरांत परसाची एकच भिंत होती आणि तिचे वरचे दोन दगड निखळलेले होते. ते परत बसवावेत असं कुणालाच वाटलं नाही, कारण तिथून वाट्या जायच्या-यायच्या. शाळेतून आले की भिंतीपलीकडून हाक यायची, "ऊटा झाला काय गं?" म्हणजे जेवलीस का. मी जेवलेली असले तरी नाही म्हणायची. आईच्या हाताला चव होती, पण अव्वाच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी म्हणजे निराळंच. आई आणि अव्वा दोघी त्या भिंतीशी उभ्या राहून नवऱ्यांची टिंगल करायच्या. "देव असो नाहीतर नसो, या दोघांना घरात काम नाही एवढं खरं," असं आई म्हणायची.

पंचाण्णवच्या पावसाळ्यात आईचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती औषधं झाली, मग मिरजेला नेलं, मग मिरजेला पुन्हा पुन्हा नेलं. बाबांचा डॉक्टरांवर पूर्ण भरवसा होता. ते मला कागदावर आतड्याची आकृती काढून दाखवायचे, कुठे काय झालंय आणि औषध तिथं कसं पोचणार ते समजावून सांगायचे. मला ती आकृती आवडायची, कारण तिच्यात सगळं दुरुस्त होण्यासारखं दिसायचं.

त्याच वर्षी गणपती विसर्जन होऊन गेल्यावर एके दिवशी देव दूध प्यायला लागले. ज्यांना तो दिवस आठवतो त्यांना जास्त सांगायला नको. सकाळपासून गावभर फोन वाजत होते, बायका वाट्या-चमचे घेऊन देवळांकडे धावत होत्या, कचेऱ्या ओस पडल्या होत्या. बाबांना तो दिवस दिवाळीसारखा गेला. शाळेत त्यांनी नळाच्या तोटीला दूध पाजलं, फुटक्या कपाच्या कानाला पाजलं, आणि पोरांना पृष्ठीय ताण म्हणजे काय ते असं शिकवलं की ती पिढी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळी ते कट्ट्यावर पोचले तर दूध संपलेलं. सगळं देवांनी प्यालं होतं. भांड्याच्या तळाशी उरलेलं थोडं गवळ्यानं दिलं, ते चमच्यात घेऊन बाबांनी म्हशीच्या शिंगाला लावलं. चमचा रिकामा झाला.

"म्हस बी देव झाली की ओ मास्तर!" गवळी ओरडला, आणि चौक हसून लोळायचा बाकी राहिला. आप्पाही हसले. दगडाला दूध पाजणं त्यांच्याही हिशेबात येडेपणाच. हसता हसता ते म्हणाले, "सांगू का मास्तर, आमची बी गेलती सकाळी. देव गळ्यात आसताना ही बया वाटी घिऊन गणपतीच्या रांगंत!"

"वहिनी? काय मागितलं त्यांनी?"

"बायकांचं आसतंय कायतरी," आप्पा म्हणाले आणि म्हशीच्या गळ्यातला दोर उगाच सारखा करू लागले. मी तिथंच होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आई त्या थंडीत गेली. बाबांनी दहावं, तेरावं, काहीच केलं नाही. आईनं कधी त्यांना वेगळं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःच्या विचारांशी बेइमानी केली नाही. पण पेठ म्हणजे पेठ. "देव न्हाय म्हणतोय, म्हणून बायकू गेली" हे वाक्य माझ्या कानावर नळाच्या रांगेत आलं, किराणा दुकानात आलं. बाबांच्या कानावरही आलं असणार. ते जास्त ताठ झाले. आधी त्यांच्या नास्तिकपणात मजा होती, आता त्यात धार आली.

त्या वर्षभर आम्ही अव्वाच्या जिवावर जेवलो. भिंतीवरून रोज डबा यायचा. अव्वा आमच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय शिरायची, डबे उघडून बघायची, काय संपलंय ते मला ओरडून सांगायची. बाबांसमोर तिनं कधी देवाचं नाव काढलं नाही. बाबा तिच्यासमोर लहान मुलासारखे पुढ्यात येईल ते खायचे. महिन्याभरानं आप्पा त्यांना ओढून कट्ट्यावर घेऊन गेले. पहिले काही दिवस दोघं हवापाण्याचं बोलले. मग बाबांनीच पुन्हा वाद काढला, आणि मला आठवतंय, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

पुढच्या गणेशोत्सवात तालमीच्या पोरांना कल्पना सुचली. दरवर्षी ऑर्केस्ट्रा आणि हळदीकुंकू, यंदा जरा विचाराचं काही करू. कट्ट्यावरचा वाद सगळ्या पेठेला पाठ होता, तोच मांडवात आणायचा. चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, 'देव आहे की नाही? जाहीर चर्चा'. पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. बाबा लगेच हो म्हणाले. आप्पा आढेवेढे घेत होते. "माईकवर मला न्हाय जमायचं," ते म्हणाले. बाबांनी त्यांना गळ घातली, "अहो, रोज बोलतो तेच बोलायचं. फक्त हातात ग्लासाच्या जागी माईक."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रोज बोलतो तेच.

मांडव भरला होता. आमच्या पेठेतलेच नव्हे, लांबलांबचे लोक आले होते. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या, एका बाजूला बायका. त्या बायकांत मी. स्टेजवर मधे एक कॉलेजातले प्राध्यापक अध्यक्ष म्हणून बसलेले. मागे गणपतीची मूर्ती, आणि तिच्याकडे पाठ करून बाबा उभे. आप्पांनी सुरुवातीलाच टाळी घेतली, "पाठ फिरवून का आसंना, मास्तर मांडवात आल्याती, एवढं देवाला पुरं हाय." बाबाही मनापासून हसले. सगळं छान चाललं होतं.

पण गर्दीला नुसतं छान पुरत नाही. कट्ट्यावर ऐकणारी माणसं दोघांनाही ओळखत होती, कुणी हरलं तरी उद्या परत येणार हे त्यांना ठाऊक होतं. मांडवातल्या लोकांना आजच निकाल हवा होता. प्रत्येक वाक्याला टाळ्या किंवा शिट्ट्या. बाबांना टाळ्या जास्त पडत होत्या, कारण त्यांना वर्गात बोलायची सवय होती. त्यांचा आवाज चढत गेला. मला त्यांची ती लय ओळखीची होती, फळ्यापाशी शेवटचा मुद्दा पटवून द्यायच्या वेळी यायची ती. आणि मग त्यांनी नियमाप्रमाणे घरातलं उदाहरण काढलं.

"गेल्या साली अख्खं गाव चमचे घेऊन पळत होतं," बाबा म्हणाले. "लांब कशाला जायचं? माझे हे मित्र. यांचा देव यांच्या गळ्यात. पण यांच्याच घरातून वाटी गेली की गणपतीला! विचारा आमच्या वहिनींना, काय मागितलं देवाकडे? आणि मिळालं का?"

मांडव फुटला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, एक-दोघांनी वाटी पालथी करून पिण्याची नक्कल केली. बाबा थांबले. कट्ट्यावर थांबायचे तसेच, एक भुवई वर करून, आता आप्पा काय टोला हाणतात ते बघत. थांबायचं काम त्यांचं होतं. त्यानंतर बोलायचं काम आप्पांचं होतं.

आप्पांनी माईक तोंडाशी नेला. ओठ हलले. मग त्यांनी मांडवाबाहेर, आपल्या घराच्या दिशेला बघितलं. त्यांनी माईक टेबलावर ठेवला, त्याचा ठक असा आवाज सगळ्या कर्ण्यांतून आला, आणि ते शांतपणे पायऱ्या उतरून निघून गेले.

"मास्तर जिंकले!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या बाजूनं कुणी ओरडलं की देवाच्या मांडवात देवाची टवाळी चालणार नाही. खुर्च्या सरकल्या, ढकलाढकली झाली, अध्यक्षांनी घंटा वाजवून वाजवून सभा संपवली. मी बाहेर पळाले. तालमीच्या पोरांनी एक कर्णा आप्पांच्या घरासमोरच्या खांबाला बांधला होता, त्याचं तोंड थेट अव्वाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मी बघतेय तोवर तिनं आतून खिडकी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी कट्ट्यावर गेले. आप्पा आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. गवळी त्यांच्या घरी दूध पोचवायला लागला. "थट्टा होती," बाबा घरी येऊन म्हणाले. "रोज करायचो. या वेळीच काय झालं?" मी म्हटलं, तुम्ही जाऊन बोला. त्यांनी चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि परत आले. "त्यांना राग आला असेल तर त्यांनी सांगावं," असं म्हणून पेपर उघडून बसले. माझे वडील हुशार होते, प्रामाणिक होते आणि दगडासारखे हट्टी होते. त्या दिवशी ते चार पावलं चालले असते तर, असं मला आजही वाटतं आणि त्यांचा रागही येतो.

मग बाकीचे लोक मधे आले. आप्पांच्या दुकानात काही मंडळी गेली, धार्मिक भावना दुखावल्याचं निवेदन घेऊन, सही करा म्हणाली. आप्पांनी त्यांना हाकलून दिलं. "माज्या भावना मला म्हाईत हायत. तुमी पेंड घेताय का? न्हाय तर वाट सोडा." इकडे बाबांकडे तरुण कार्यकर्ते यायला लागले. त्यांच्या डोळ्यांत बाबा मोठे वक्ते झाले होते. ते त्यांना व्याख्यानांना न्यायला लागले, मुरगूडला, मलकापूरला, राधानगरीकडच्या गावांत. बाबा चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचे आणि लोकांना हसवायचे. प्रयोग खरे होते, बोलणं खरं होतं. पण मी दोन-तीनदा सोबत गेले आणि मग जायचं बंद केलं. समोरून कुणी उठून उलटं विचारलं की बाबा त्याला एका वाक्यात गारद करायचे. तो माणूस खाली बसायचा, आणि पुन्हा कधी काही विचारायचा नाही. एका गावात तर कुणीतरी मागून ओरडलं, "बायकू मेली तरी अक्कल आली न्हाय." बाबांनी भाषण पूर्ण केलं.

अव्वानं माझ्याशी बोलणं तोडलं नाही. भिंतीवरून डबा येत राहिला, "ऊटा झाला काय गं" येत राहिलं. पण आमच्या घराचा उंबरा तिनं पुन्हा कधी ओलांडला नाही. मी हात धरून ओढलं तरी नाही. "ऱ्हाऊ दे पोरी," एवढंच म्हणायची. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढ्या थट्टेचं एवढं काय, असं वाटायचं. दोन हजार साली मी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेव्हा ती रजिस्ट्रार कचेरीच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. सह्या झाल्यावर तिनं मला खांबाआड नेलं, खण-नारळानं ओटी भरली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. बाबांनी ते बघितलं आणि तोंड फिरवून बाहेरच्या सायकली बघत बसले.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी अव्वा गेली. मी तान्ह्या बाळाला घेऊन सासरहून धावत आले. त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून नेलं, कपाळभर विभूती, मांडीवर हात. बाबा गल्लीच्या टोकाशी उभे होते. लोक पुढे गेल्यावर ते मागून चालत गेले, शेवटच्या माणसाच्याही मागून.

सगळे पांगल्यावर मी आप्पांजवळ बसले. खूप थकले होते ते. मी म्हटलं, आप्पा, अव्वानं आमच्याकडे यायचं का सोडलं? एका थट्टेपायी?

ते बराच वेळ गळ्यातल्या डबीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती वाटी घिऊन गेलती ना, ती तुज्या आईसाटनं गेलती. आमच्या घरातली बाई, आमी कंदी गणपतीच्या रांगंत गेलो न्हाय. पर तुज्या आईचं लक्षन तिला बरं दिसत नव्हतं. म्हणली, आपल्या देवाला सांगून झालं, आता ह्येला बी सांगून बगते. मी कट्ट्यावर अर्दंच सांगितलं. मास्तर डॉक्टरवर भरवसा ठिवून हुता, त्येला कशाला सांगू, की माजी बायकू घाबरलीया म्हणून?"

मी म्हटलं, "मग त्या दिवशी मांडवात बोलला का नाही?"

"काय बोलू? 'मिळालं का' म्हणून इचारलं त्येनं. न्हाय मिळालं, हेच उत्तर हुतं की. ते सांगू माईकवर? मास्तर, तुमच्या बायकूचा जीव मागितला हुता, न्हाय मिळाला, म्हणून?" त्यांनी डोळे पुसले. "सांगितलं आसतं तर शिट्ट्या मारणारी समदी गप झाली आसती. मीच जिंकलो आसतो. पर मास्तर तितंच मेला आसता."

"आणि अव्वा?"

"तिला थट्टंचं काय न्हवतं गं. तुमच्या घरात आली की तुज्या आईची जागा मोकळी दिसायची, आन् कानात ते 'मिळालं का' वाजायचं. म्हणायची, मी मागाय कमी पडले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सांगितलं. सांगू नये असंही वाटलं होतं, पण माझ्याच्यानं राहवेना. ते पोळीवर तूप लावत होते. हात थांबला. त्यांनी विचारलं, "रांग मोठी होती का त्या दिवशी?" मी म्हटलं, सगळं गावच रांगेत होतं, बाबा. त्यांनी मान हलवली. पोळी तशीच ठेवली, चप्पल घातली आणि या वेळी परत आले नाहीत. मी भिंतीच्या खिंडारातून बघत होते. त्यांच्या परसदारी जाऊन ते उभे राहिले.

"मला ठाऊक नव्हतं हो," बाबा म्हणाले.

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "म्हणून तर गप बसलो. आत या मास्तर. किती वरसांनी आलासा."

त्या संध्याकाळी दोघं कट्ट्यावर गेले. मीही मागोमाग गेले, बाळाला खांद्यावर घेऊन. कट्टा आटला होता. म्हशी दोनच, निम्म्या जागेत गाड्या लावलेल्या. आप्पांनी दोन ग्लास मागवले, एक घोट घेतला, आणि जणू काल अर्धं राहिलेलं पुढे चालू करावं तसं म्हणाले, "हं, मास्तर. ही पोरगी अडली हुती बाळंतपणात. सुखरूप सुटली. कुणामुळं? सांगा बगू."

नियमाप्रमाणे घरातलं उदाहरण. मी कान टवकारले. बाबा आता डॉक्टर म्हणणार, रक्त म्हणणार, वेळेवर केलेलं ऑपरेशन म्हणणार.

"तुम्ही म्हणाल तसं, आप्पा," बाबा म्हणाले.

आप्पा थांबले. त्यांना वाटलं असावं की नीट ऐकू आलं नाही. "आवो, मी देवामुळं म्हणतोय. हाय का न्हाय देव?"

"असेल की."

हा शब्द मी बाबांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आसं बोलू नगा, मास्तर. खोटं बोलताय तुमी. माज्यावर दया करताय. ती जायच्या आदी मला म्हणली, मास्तरास्नी घिऊन कट्ट्यावर जावा. मी गेल्यावर तुमाला न्हाय म्हणणारं कोण ऱ्हाणार न्हाय, म्हणली. मी हितं तुमचं 'न्हाय' ऐकाय आलोय."

बाबांनी ग्लास तोंडाला लावला. बाळ माझ्या खांद्यावर कुरकुरायला लागलं, म्हणून आम्ही उठलो.

घरी येताना मी चिडून विचारलं, "बाबा, तुमचं मत बदललंय का?"

"छे. देव नाहीच. तुला माहीत आहे."

"मग त्यांना का सांगत नाही?"

ते थोडं चालले. "त्यांना 'नाही' म्हणायला तोंड उघडलं की मला माझाच आवाज कर्ण्यातून ऐकू येतो," ते म्हणाले.

बाबांनी व्याख्यानं सोडली. कार्यकर्त्यांना वाटलं ते म्हातारपणी भ्याले. काही लोकांना वाटलं ते सुधारले. दोन्ही खोटं होतं, पण बाबांनी कुणालाच काही समजावलं नाही. तालमीच्या मांडवात पुन्हा कधी चर्चा झाली नाही. पुढे तर कुणी तसं सुचवलं की पोलिसांची परवानगी लागेल, नको ती भानगड, असं म्हणून विषय संपायचा. लोक आता एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांविरुद्ध पेपरात लिहीत होते.

दोघं म्हातारे मात्र शेवटपर्यंत कट्ट्यावर गेले. मी माहेरी आले की त्यांच्यासोबत जायची. पावसाचं बोलायचे, पेंडीच्या भावाचं, गुडघ्यांचं. ऐकायला आता कुणी थांबत नसे. आप्पा रोज एकदा तरी विचारायचेच, "काय मास्तर, हाय का न्हाय?" आणि बाबा ग्लासातल्या फेसाकडे बघत "असेल की" म्हणायचे.